चेहऱ्याचा गिलावा

"वाढल्यात का?" रंगनाथ गुरवाने खालून विचारले.

परांचीवर गुडघे टेकून मी देवीच्या डाव्या गालावर भिंग धरले होते. आदल्या दिवशी तिथे खपलीसारखा एक उंचवटा होता. आता त्या जागी खड्डा होता: उलट्या शंकूच्या आकाराचा, कडा स्वच्छ तुटलेल्या, तळाशी मोहरीएवढा पांढरा दाणा. असेच खड्डे कपाळावर होते, हनुवटीवर होते, आणि एक उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात होता, जिथे बुबुळाचा काळा रंग खपलीबरोबर निघून गेला होता. गळ्यातल्या पुतळीमाळेपासून खाली मात्र एकही नव्हता. महिषासुराचे अंग तर घासलेल्या ताटासारखे गुळगुळीत होते.

"बाई, मी विचारतोय."

"काही नवीन आहेत," मी म्हणाले.

"राक्षसाला?"

"नाही."

"एकबी न्हाई?"

"एकही नाही."

"मग झालं की," तो म्हणाला. "आईच्या तोंडाला उठल्यात आन् राक्षस ठणठणीत. याचा अर्थ लावायला भिंग कशाला लागतंय?"

हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटचे. उंबराई देवीच्या नव्या सभामंडपात आम्ही भिंतीवर चित्र काढत होतो. आम्ही म्हणजे केशवराव चितारी आणि मी. केशवरावांना सगळे मास्तर म्हणत, कारण त्यांचा जन्म हायस्कुलात चित्रकला शिकवण्यात गेला होता. तरुणपणी राजस्थानात राहून ते ओल्या गिलाव्यावर चित्र काढण्याची पद्धत शिकून आले होते. पण आपल्याकडे तशी भिंत कोणी दिली नाही. लग्नघरांच्या दारांवर ऋद्धिसिद्धी, मिठाईच्या दुकानांत वेलबुट्टी, नाटक मंडळींचे पडदे, यांत शाळेबाहेरची चाळीस वर्षे गेली. ही त्यांची पहिली पुरी भिंत होती. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते आणि ती नोकरी सोडून त्यांच्याकडे आले होते. गावात माझे नाव 'रसायनवाल्या बाई' असे पडले होते. सुनेत्रा दाभोळे हे नाव फक्त मास्तर वापरत.

ओल्या गिलाव्याचा नियम साधा आहे. सकाळी जेवढी जागा लिंपली, तेवढीच संध्याकाळपर्यंत रंगवायची. चुना हवेतला वायू शोषून दगड होत जातो आणि रंगाला आपल्यात बांधून घेतो. वाळल्यावर लावलेला रंग नुसता वर बसतो. त्यामुळे भिंत दिवसादिवसाच्या तुकड्यांनी बनते. देवीचा चेहरा हा असा एका दिवसाचा तुकडा होता, आणि खड्डे नेमके त्याच तुकड्यात होते.

चुना चांगुणामावशींचा. चांगुणा ढोबळे, चुना भाजणाऱ्या लोणाऱ्याच्या घरातली विधवा. तिच्या घराला गावात एक मान होता. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी देवळापुढच्या दीपमाळेवर चुन्याचा पहिला हात त्या घराने मारायचा; तो मारल्याशिवाय गावात कोणी आपल्या भिंतीला पांढरा कुंचला लावत नसे. नवरा गेल्यावर तो मान मावशीकडे आला. धाकटा दीर महादू, तो आपल्याकडे यावा म्हणून टपलेला होता. मावशीला शेत नव्हते, मुलगा लहान होता, भट्टी अर्धी पडलेली होती. गावात तिला जी काही जागा होती ती वर्षातून एकदा दीपमाळेवर उचललेल्या त्या हातामुळे होती.

रंगनाथने ओरडून सांगितले ते दुपारपर्यंत गावभर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात बैठक बसली.

देवस्थानचे अध्यक्ष आबा शिंगटे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते खांबाला न टेकता बसले आणि थेट विषयावर आले.

"त्या तोंडाला हात कुणाकुणाचा लागला?"

"माझा," मास्तर म्हणाले. "सुनेत्राचा. गिलाव्याचा चुना चांगुणाचा."

"मास्तरांचा प्रश्न न्हाई," रंगनाथ म्हणाला. "ऱ्हायल्या दोघी बायका. त्या दिवशी दोघींतलं कोण बाजूला बसायचं व्हतं, येवढंच आई विचारती."

मंडपातल्या बायकांनी माना खाली घातल्या. कोणीतरी खोकले.

"आई विचारत नाही, तुम्ही विचारताय," मी म्हणाले. "आणि मी याचं उत्तर देणार नाही."

"म्हंजी तुम्हीच."

"म्हणजे मी उत्तर देणार नाही."

"रंगनाथ, बाई पाहुण्या हायती," आबा म्हणाले. "त्यास्नी सोड."

मला सोडल्याबरोबर सगळ्यांची नजर जिथे जायची तिथे गेली. चांगुणामावशी खांबाआड बसली होती. तिच्या हातांना कोपरापर्यंत चुन्याच्या भेगा होत्या आणि तिने ते पदराखाली घेतले होते.

"चांगुणा," आबांचा आवाज मऊ झाला. "चुकून व्हतं माणसाकडनं. बोलून टाक. शुद्धी करू, नारळ फोडू, इषय संपला. मान तुझ्याकडंच ऱ्हाईल."

"आन् न्हाई बोलली तर लपिवलं म्हनायचं," रंगनाथ म्हणाला. "लपिवणाऱ्या घरात मान ऱ्हात न्हाई."

महादू जमिनीवर काडीने रेघा ओढत होता. त्याची काडी थांबली.

"आबा," मावशी म्हणाली, "जे झालंच न्हाई ते कसं बोलू? त्या दिवशी मी सोच्छ व्हते. आईसमोर खोटं बोलून मान राखायचा, तर त्याला मान कशापायी म्हनायचं?"

"तोंडानं सगळेच सोच्छ असत्यात."

त्या वाक्यावर मी उठले. रागाने उठले असे म्हणता येणार नाही. मला कारण माहीत होते आणि ते सांगणे सोपे होते, म्हणून उठले.

"खड्ड्याच्या तळाशी पांढरा दाणा आहे," मी म्हणाले. "तो चुन्याचा आहे. भट्टीत काही खडे जास्त भाजले जातात. पाण्यात टाकले तरी ते लगेच विझून फुलत नाहीत, महिनोन्महिने तसेच राहतात. म्हणून चुना खड्ड्यात पाण्याखाली लांब काळ ठेवायचा असतो. तसा दाणा गिलाव्यात राहिला, तर भिंतीत हळूहळू पाणी पितो, फुगतो आणि वरची खपली उडवतो. यात विटाळाचा काही संबंध नाही."

"मग राक्षसाला का न्हाई?"

प्रश्न बिनतोड होता, हे मला तेव्हाही मान्य करावे लागले.

"त्यालाही येतील. वेळ लागतो."

"घट बसायला आठवडा न्हाई ऱ्हायला. तवर तुमच्या राक्षसाची वाट बघायची व्हय?"

लोक हसले. मी म्हणाले, "वाट बघायला नको. वाफेवर धरलं तर महिन्यांचं काम सकाळभरात होतं. खड्ड्यातल्या चुन्याच्या चपट्या वड्या करू, वाळवू, आणि चाळणीवर वाफवू. चुन्यात दोष असेल तर तुमच्या डोळ्यांसमोर फुटतील."

"कोथमिरीच्या वड्या करत्यात तशा?" मागून एक बाई म्हणाली.

"तशाच. फक्त तळायच्या नाहीत."

आता बायकाही हसल्या. आबा हसले नाहीत. "आन् न्हाई फुटल्या तर?"

"तर माझं म्हणणं चूक."

"मग तुम्ही गप बसायचं," रंगनाथ म्हणाला.

"बसेन. मी न तपासलेलं बोलत नाही."

बैठक उठल्यावर मास्तरांनी मला बाजूला घेतले. ते कुंचला धुताना बोलत तसे, माझ्याकडे न बघता बोलले.

"सुनेत्रा, परीक्षेचा निकाल आधी माहीत नसतो, हे ध्यानात आहे ना?"

"म्हणून तर परीक्षा."

"हं," ते म्हणाले, आणि मावशी गेली त्या वाटेकडे बघत राहिले.

चुना आणायला रंगनाथ स्वतः गेला. माझ्या किंवा मावशीच्या हाताने लबाडी नको, हे त्याने सगळ्यांसमोर सांगितले, आणि पद्धत म्हणून ते योग्यच होते. खड्ड्यावरचे पाणी बाजूला सारून त्याने तळातून घमेलेभर चुना काढला. शेतातल्या तांबड्या मातीतला तो जुना खड्डा; त्यातल्या चुन्याला किंचित पिवळसर झाक होती. मास्तरांकडे साच्यांसाठी आणलेले प्लॅस्टर होते. वड्या लवकर धराव्यात म्हणून मी ते चिमूटभर मिसळले, तुपाच्या डब्याच्या झाकणांवर वड्या थापल्या आणि उन्हात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या मुदपाकखान्यात मोठे पातेले चढले. गाव दारात उभे होते. चाळणीवर वड्या मांडून मी झाकण ठेवले, फटीला कणीक लावली. त्यानंतर करण्यासारखे काही नव्हते. पाणी उकळत होते आणि लोक झाकणाकडे बघत होते. प्रयोगशाळेत वाट पाहणे हा कामाचा भाग असतो. तिथे कोणाचे काही जाणार नसते. इथे मावशी चुलीला लाकूड सारत होती. तिनेच ते काम मागून घेतले होते.

"मावशी, जाळ फार नको," मी म्हणाले.

"व्हय बाई." तिने माझ्याकडे पाहिले नाही.

बऱ्याच वेळाने मी झाकण काढले. वाफ विरली. वड्या जशा ठेवल्या तशाच होत्या. मी एकेक उचलून भिंगाखाली पाहिली, उलटून पाहिली, नखाने टोकरली. एकीवरही फोड नव्हता.

"फुटल्या का?" आबांनी विचारले.

"नाही."

"पुन्यांदा बघा."

"पाहिलं. नाही फुटल्या."

रंगनाथने हात जोडले, मला नव्हे, गाभाऱ्याला. "बाई, तुमचं शास्तर तुमच्याच चुलीवर शिजलं," तो म्हणाला. "आता ठरल्यापरमाणं गप बसा."

गप बसायला हरकत नव्हती. खड्ड्यातला चुना निर्दोष होता. ते उघड होते. पण दाणाही मी भिंगातून पाहिला होता, आणि तोही चुन्याचाच होता. दोन निरीक्षणे खरी असतील आणि एकमेकांशी जुळत नसतील, तर मधले एखादे गृहीत खोटे असते. मी काय गृहीत धरले होते ते मला त्या धुरात उभ्या उभ्या कळले.

"मावशी," मी म्हणाले, "चेहऱ्याचा चुना या खड्ड्यातलाच होता ना?"

ती लाकूड सारता सारता थांबली. 'होय' म्हणायला तिला एक श्वास पुरला असता. मला तिच्याकडून तेच उत्तर अपेक्षित होते.

"न्हाई," ती म्हणाली.

"मग?"

"रांजणातला. नवा व्हता."

"किती नवा?"

"मास्तरांनी तोंडाला हात घालायच्या जरा अगुदर विझिवल्याला. रांजणात ऱ्हायलाय अजून."

रांजण आणवला गेला. त्यातला चुना लोण्यासारखा होता, पांढराशुभ्र, खड्ड्यातल्यापेक्षा कितीतरी देखणा. त्याच्या वड्या घातल्या, वाळवल्या, आणि पुढच्या सकाळी पातेले पुन्हा चढले. या वेळी गर्दी दुप्पट होती आणि कोणी विनोद करत नव्हते. मी झाकण काढले तेव्हा पहिली वडी माझ्या डोळ्यांदेखत फुगली आणि तिच्यावरची टिकली अलगद उडाली. बाकीच्यांवर खड्डे पडून गेले होते. प्रत्येकाच्या तळाशी पांढरा दाणा.

आबांनी एक वडी तळहातावर घेतली, उजेडात धरली, मग मंडपात जाऊन मान वर करून देवीच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिले. परत आले ते वडी रंगनाथच्या हातात देत.

"बघ. तसंच हाय."

रंगनाथने पाहिले. तो अडाणी नव्हता; त्याला दिसले. "व्हय," तो हळूच म्हणाला. "इटाळ न्हवं हे."

मी मावशीकडे पाहून हसले. प्रयोग जमल्यावर माणूस हसते तसे. तिने हसू परत केले नाही. ती आबांकडे बघत होती आणि आबांचा चेहरा पडला होता.

"इटाळ असता तर बरं झालं असतं," आबा म्हणाले. "शुद्धी केली असती, नारळ फोडला असता. इटाळ काय, आज हाय, उद्या न्हाई. पर चांगुणा, चुन्याचा मान तुझ्या घराला कशापायी? चुना चोख देती म्हणून. आईच्या तोंडालाच कच्चा चुना दिलास, तर त्यो मान मी तुझ्याकडं ठिवू कसा? शुद्धी कशाची करू?"

महादू पुढे सरकून उभा राहिला. युक्तिवाद निर्दोष होता. मी त्यात चूक शोधत होते आणि ती सापडत नव्हती, कारण त्याची प्रत्येक पायरी मीच पुरवली होती.

"आबा," मास्तर म्हणाले.

ते दाराच्या चौकटीत उभे होते. परांचीवर चढून चढून त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून एक हात चौकटीवर होता.

"चुना तिनं दिला. पण मागितला मी."

मावशीची मान एकदम वर झाली. "मास्तर, तुम्ही—"

"गप," मास्तर इतक्या जोरात म्हणाले की चुलीजवळची बाई मागे सरली. मी त्यांना त्या आवाजात बोलताना आधी कधी ऐकले नव्हते. "कामाच्या बाईनं मधे बोलायचं नाही. चुना कुठला घ्यायचा हे मी तुला विचारून ठरवतो काय? नवा आण म्हटलं, आणलास. तुझं काम तेवढंच."

मावशीने पदर तोंडात धरला.

"तुम्ही मागितला?" आबांनी विचारले. "जुना असताना?"

"जुना पिवळा दिसत होता. मला चेहरा उजळ पाहिजे होता. वाटलं, चालून जाईल."

"मास्तर, तुमास्नी हे ठावं व्हतं? की कच्चा चुना फुटतोय?"

"चाळीस वर्षं चुन्यारंगातच गेली. ठाऊक होतं."

लोकांत खळबळ झाली. कोणी म्हणाले, पैसे दिलेत आम्ही. कोणी म्हणाले, आईच्या तोंडाशी खेळ. कालपर्यंत त्यांना पाहून उठून उभे राहणारी माणसे आता बसून बोलत होती. रंगनाथ मात्र पुढे आला. तो मास्तरांकडे, मग मावशीकडे, मग माझ्याकडे पाहत होता. तो अडाणी नव्हता, हे मी आधीच सांगितले आहे.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही न तपासल्यालं बोलत न्हाई म्हनता. त्या दिवशी दिवसभर तुम्ही मास्तरांसंगं वर व्हता. सांगा, नवा चुना त्यांनी मागिटला का?"

त्या सकाळी आम्ही दोघे उजाडता परांचीवर चढलो होतो. मास्तर रंग संपेपर्यंत खाली उतरले नव्हते. चुन्याची हाक प्रत्येक वेळी मीच दिली होती, आणि ती हाक फक्त 'चुना' अशी होती. पहिले घमेले वर आले तेव्हा ते नेहमीपेक्षा पांढरे होते. मास्तरांनी थापी फिरवली, मागे रेलून पाहिले आणि म्हणाले, 'आज भिंत हसतेय.' एवढेच. निरीक्षण स्पष्ट होते, त्यात शंकेला जागा नव्हती, आणि साक्षीदार मी एकटी होते.

महादू माझ्या तोंडाकडे बघत होता. मास्तर माझ्याकडे बघत नव्हते.

"होय," मी म्हणाले. "मागितला."

आबांनी निकाल दिला तो थोडक्यात. मान चांगुणाच्या घरात राहील. मास्तरांनी त्या दिवसापासून भिंतीला हात लावायचा नाही, मंडपाची पायरी चढायची नाही. कोपऱ्यात त्यांचे नाव घालायचे ठरले होते ते घालायचे नाही. चेहरा काढून नव्याने करायचा, तो बाई करतील. मास्तरांनी मान हलवली, माझ्या हातात आपली बारीक कुंचल्यांची गुंडाळी दिली आणि देवळाबाहेर पिंपळाच्या पारावर जाऊन बसले.

मी छिन्नी लावून तो चेहरा काढला. खड्डे नसलेला भाग इतका सुंदर होता की तो तोडताना मला थांबत थांबत काम करावे लागले. मग जुन्या, पिवळसर चुन्याचा गिलावा चढवला आणि एका दिवसात नवा चेहरा काढला. मधे दोनदा खाली उतरून पारापर्यंत गेले.

"पापणीची रेघ एका दमात काढू की तोडून?"

"तुझा हात कसा आहे आज?"

"कापतोय."

"मग एका दमात. तोडलीस तर कापरं दिसेल."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ढोल वाजले. चांगुणामावशी नवे लुगडे नेसून आली, शिडीवर चढली आणि दीपमाळेवर चुन्याचा पहिला हात मारला. महादू शिडी धरून उभा होता. तसा रिवाज होता. मास्तर पारावरूनच पाहत होते. मग लोक आपापल्या भिंतींकडे पांगले आणि मावशी हात न धुताच पाराकडे आली. मी आमचे सामान बांधत होते.

ती मास्तरांपुढे खाली बसली.

"मास्तर, तुमास्नी न विचारता नवा चुना मी दिला. तुम्ही कवा मागिटला?"

"हळू बोल."

"आईचं तोंड करायचं व्हतं. त्यो पिवळा चुना कसा घालू? घरात सोयरं आलं तर आपण ठेवणीतलं काढतो का न्हाई? म्हनून येगळा विझिवला, धुवट फडकं बांधून झाकला. दीपमाळेला ताजाच मारतो, त्यो कवा फुटला न्हाई. कुणाला सांगिटलं न्हाई. वाटलं, आईचं आन् माझं हाय." तिने नाक पुसले. "त्या दिवशी बोलनार व्हते. तुम्ही गप म्हनलासा म्हनून गप बसले. तोंड उघडलं असतं तर खरंच बोलले असते."

"म्हणून तर ओरडलो," मास्तर म्हणाले. "राग नको धरू."

"पर खोटं का बोललासा वो?"

मास्तरांनी तंबाखू मळायला घेतली. "सगळं खोटं नव्हतं ते. घमेलं वर आलं तेव्हा मला दिसलं, पांढरा आहे. चुना एकाएकी पांढरा होत नाही. विचारायला पाहिजे होतं. पण रंग असा खुलत होता की विचारावंसं वाटलं नाही. तुझी चूक झाली ती नकळत. माझ्या डोळ्यांना सगळं कळत होतं."

"तरीबी. भिंत ग्येली की तुमची."

"मला काय, दुसरी भिंत मिळेल," मास्तर म्हणाले. "तुला दुसरी देवी कुठून मिळणार?"

"भिंती काय झाडाला लागत्यात?"

मास्तर मोठ्याने हसले, आणि मग मावशीही रडता रडता हसली. एस.टी. आली तेव्हा तिने आमच्या पिशव्या टपावर चढू दिल्या नाहीत. आत, मांडीवर घेऊन बसवल्या.

चितारी मास्तर कच्चा चुना वापरतात ही बातमी आमच्या आधी तालुक्याला पोचली होती. एका गावच्या विठ्ठलमंदिराचे बोलणे ठरत आले होते, ते पुढे गेले नाही. त्यानंतर एका दत्तमंदिराचे लोक येऊन चहा घेऊन गेले. मास्तरांना दुसरी भिंत मिळाली नाही. ते पुन्हा लग्नघरांची दारे रंगवू लागले, आणि हात चालत होता तोवर रंगवत राहिले. त्या खोट्याचा विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. एकदाच, मी एका मिश्रणाचे प्रमाण चुकीचे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तुझ्यावर विश्वास ठेवायची लोकांना सवय आहे. जपून."

मला मात्र भिंती मिळत गेल्या. त्यांपैकी बऱ्याच मिळाल्या त्या उंबराईचा चेहरा पाहून. तो अजून धड आहे. एकही खड्डा नाही. जुन्या भित्तिचित्रांचा अभ्यास करणारे लोक अधूनमधून तिथे जातात आणि मला विचारतात की बाकीची भिंत एका हाताची आणि चेहरा दुसऱ्या हाताचा, असे का. मी सांगते, मूळ चित्रकाराने नवा चुना मागितला होता, तो फुटला. ते लिहून घेतात. मी शास्त्र शिकलेली आहे, त्यामुळे उलट तपासणी कोणी करत नाही.

चांगुणामावशी आता नाही. मान तिच्या सुनेकडे आहे, आणि महादूची मुले अजून त्याच गावात राहतात. म्हणून इथे गावाचे नाव मी दिलेले नाही, आणि देवीचे, माणसांची, सगळी नावे बदलली आहेत.